बरणीतला पाहुणा जेवत नाही

आपण चारचौघी जमलो की दहा मिनिटांच्या आत एक तक्रार हटकून निघते. "आमचा मुलगा काही खातच नाही हो!" कुणाचा भाजी बघून नाक मुरडतो, कुणाची लेक दुधाचा पेला खिडकीतून ओतते. मग प्रत्येकीचा एकेक उपाय. मीही या सदरातून दोन-तीनदा असले उपाय सांगितले आहेत. पण गेल्या महिन्यात माझ्याच घरात एक असा न जेवणारा निघाला, की माझे सगळे उपाय फिके पडले. तो होता साप. आणि नऊ दिवस तो आमच्या पोह्यांच्या बरणीत, मुलांच्या खाटेखाली मुक्कामाला होता!

झालं असं. आमचं घर कारंज्याच्या जुन्या वस्तीत. मागच्या भिंतीला लागून धान्याचं गोदाम, त्यामुळे उंदीर आणि पाली यांची कमतरता नाही. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. दुपारी बाराला परत येते, तोवर घर मुलांच्या ताब्यात. पहिला चांगला पाऊस झाला आणि पुढच्या आठवड्यात मी पापड भरून ठेवायला मोठी बरणी शोधायला लागले. बरणी काही सापडेना. धाकट्याला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "दुसऱ्या बरणीत भर ना आई." आईला एवढं पुरे होतं. खाटेखाली वाकले. बरणी होती, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं होती, आणि आत वीतभराहून थोडा मोठा, तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे असलेला साप वेटोळं करून बसला होता.

मी किंचाळले हे सांगायला नकोच. शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांच्या हातात धुणं वाळत घालायची काठी. "सरक बाजूले, मारतो मी त्याले!" पण चिरंजीव बरणी पोटाशी धरून उभे. बारा वर्षांचं पोर रडत सांगत होतं, "मारू नका, तो कवड्या आहे, त्याला विष नसतं. आधीच तो आजारी आहे. नऊ दिवस झाले, काहीच खात नाही."

आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माझ्या नकळत या पाहुण्याचा काय पाहुणचार चालला होता! पहिल्या दिवशी वाटीत दूध. दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली पोळी. मग पाव, मग उकडलेल्या अंड्याचा बलक, मग नाकतोडा, मग मेलेलं झुरळ. दर दोन तासांनी बरणी बाहेर काढून बघायचं, खाल्लं का. नाही खाल्लं की काडीनं तोंडाशी सरकवायचं. आदल्या दिवशी तर बहाद्दरानं चिमट्यानं त्याचं तोंड उघडायचा बेत केला होता. हे ऐकलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

आमच्या ह्यांची त्या दिवशी वाशीमला ड्यूटी होती. मला वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आठवला, तिथे फोन केला. शाळेतल्या एका मुलीचा मोठा भाऊ सर्पमित्र आहे हेही ठाऊक होतं, त्यालाही निरोप पाठवला. तासाभरात तो आला. आधी त्यानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. बरणी उजेडात धरून खालून, वरून, बाजूनं नीट पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, कवड्याच आहे. पण तुमच्या पोट्ट्यानं ओळखला तो नशिबानं ओळखला. मण्यार असती तं?"

मैत्रिणींनो, इथे मी जरा थांबते, कारण पुढचं प्रत्येकीनं लक्षात ठेवायलाच हवं. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप माणसाच्या जिवावर उठतात. त्यातली मण्यार आणि बिनविषारी कवड्या दिसायला फार जवळचे. दोघेही रात्री फिरतात, दोघेही घरात शिरतात, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे. त्यानं फरक समजावून सांगितला. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीनं असतात. ते डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण लगेच तो म्हणाला, "हे पुस्तकात पाहाले सोपं आहे. रात्री, घाईत, भेवात कोनाले पट्टे मोजता येत नाही. म्हनून हात लावाचाच नाही." मला ते पटलं. विषारी की बिनविषारी हे आपण ठरवायचंच नाही. लांब राहायचं, नजर ठेवायची आणि जाणत्याला बोलवायचं.

मण्यारीची आणखी एक गोष्ट भयंकर. ती चावली तर पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती झोपेत चावते. मग पहाटे पोटात दुखायला लागतं, मळमळतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वास अडकतो. आपण समजतो, रात्रीचं काही बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं काही झालं तर ओवा नि सोडा देत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावर उतारा एकच, प्रतिसर्पविष, आणि ते इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं. जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं, यात फक्त वेळ जातो.

आता आपल्या न जेवणाऱ्या पाहुण्याकडे वळू. धाकट्यानं डोळे पुसत विचारलं, "पण दादा, तो खात का नाही? मी त्याला सगळं दिलं."

तो पोरगा हसला. म्हणाला, "तू त्याले सगळं देल्लं, पन त्याचं काहीच देल्लं नाही."

मग त्यानं एकेक गोष्ट सांगितली. मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई, विज्ञानाशी माझा संबंध मुलांच्या गृहपाठापुरता. पण इतकं सोपं करून मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिली गोष्ट, साप पोळी, पाव, भात यातलं काही खात नाही. सगळे साप मांसाहारी, आणि त्यातही प्रत्येकाची आवड ठरलेली. कवड्याचं मुख्य खाणं म्हणजे पाल. दिवड मासे आणि बेडूक खाते. धामण उंदीर खाते, म्हणून ती शेतकऱ्याची मैत्रीण. मण्यार तर दुसऱ्या सापांनाही गिळते. सापाला चावून खाता येत नाही, त्याचे दात आत वळलेले असतात, म्हणून तो भक्ष्य अख्खंच गिळतो. अंड्याचा बलक त्याच्यासमोर ठेवणं म्हणजे गाईला लोणचं वाढण्यासारखं.

दुसरी गोष्ट, वेळ. कवड्या रात्रीचा जीव. भरदुपारी बरणी उजेडात ठेवून "खा रे, खा रे" म्हटलं तर तो कसा खाणार?

तिसरी गोष्ट, ऊब. सापाचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही, बाहेरच्या उबेवर त्याचं सगळं चालतं. अंगात ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही, पोटात सडतं आणि तो उलटून टाकतो. म्हणून गारठ्यात साप शहाणपणानं उपास करतो. सावलीतल्या फरशीवर बरणीत त्याला ना ऊन मिळत होतं, ना हवी तेव्हा सावली निवडता येत होती.

चौथी गोष्ट, कात. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही. त्या दिवसांत बहुतेक साप अन्नाला तोंड लावत नाहीत. कात टाकली की भूक परत येते.

पाचवी गोष्ट सगळ्यांत मोठी. त्याच्याच शब्दांत सांगते. "त्याले भूक नाही असं नाही, मॅडम. त्याले भेव लागून राह्यलं. चारी बाजूनं काच, लपाले जागा नाही, दर दोन घंट्यानं कोनी ना कोनी हलवते. ज्याले आपलाच जीव जाते का राह्यते हे मालूम नाही, तो जेवन कसा?"

आणि शेवटी म्हणाला, नऊ दिवस म्हणजे सापाला फार नाहीत. साप रोज जेवतच नाही. लहान साप आठवड्या-पंधरवड्याला एकदा पोटभर खातो, मोठे अजगर एका भरपेट जेवणावर महिनोन्‌महिने काढतात. पाणी मात्र लागतं. तेव्हा तुमचा पाहुणा उपासानं नव्हे, पाहुणचारानंच मेला असता. जबरदस्तीनं तोंड उघडलं तर जबडा दुखावतो, दात मोडतात, तोंडात जखम होऊन ती चिघळते. ते काम प्राण्यांच्या डॉक्टरचं, तेही शेवटचा उपाय म्हणून.

दुधाचं तर विचारूच नका. दूध पिणं हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं काम. सापाला ते पचत नाही. मग नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध कसा प्यायचा? त्याला आधी कितीतरी दिवस पाण्याविना ठेवलेलं असायचं. तहानेनं व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पितो, आणि मग त्यानंच आजारी पडून मरतो. लहानपणी दारी आलेल्या टोपलीपुढे आईनं वाटी ठेवली की मी हात जोडायची. आता ते आठवलं की कसंसंच होतं. आपण पुण्य समजत होतो ते काय होतं! सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळं जिवंत नागांच्या नागपंचमीसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या प्रथेलाही मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली चाप लावला.

मग कायद्याची गोष्ट निघाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचा साप पकडणं, मारणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. त्याला दंड आहे, तुरुंगवासही आहे. पोराला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यात पुण्याचे नीलिमकुमार खैरे होते. १९८० साली ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते आणि पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं. पराक्रम तेवढा मुलांच्या लक्षात राहतो. त्यामागचा कितीतरी वर्षांचा अभ्यास कुणी सांगत नाही.

रात्री माझ्या नणंदेचा अमेरिकेहून फोन आला. मी मोठ्या तोऱ्यात साप-प्रकरण सांगायला लागले, तर ती म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे तर विकत आणलाय!" तिच्या मुलानं तिथल्या रीतीप्रमाणे बॉल पायथन नावाचा छोटा आफ्रिकी अजगर पाळला आहे, आणि तो दोन महिने जेवला नव्हता. तिनंही आईच्या स्वभावाप्रमाणे रोज त्याच्यापुढे उंदीर नाचवला. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिलाच समजावलं. ही जात मुळात उपासाला प्रसिद्ध, रानातही ती महिनोन्‌महिने खात नाही. त्यांनी सांगितलेले उपाय ऐका. पेटीची एक बाजू उबदार, साधारण ३१ ते ३३ अंश, आणि दुसरी बाजू थंड, म्हणजे त्याचं त्याला निवडता येईल. दोन्हीकडे अंग चोरून बसता येईल अशी एकेक लपायची जागा. ताज्या पाण्याचं भांडं. आठवडाभर हात लावायचा नाही. मग संध्याकाळी, दिवे मंद करून, आधीच मारून गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्यानं दाखवायचा. नाही घेतला तर रागवायचं नाही, उचलून टाकायचा आणि पुन्हा आठवड्यानंतरच. खाल्लं तर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर तो उलटून टाकतो. मधूनमधून वजन करून ठेवायचं. वजन घटत चाललं, तोंडाला फेस आला किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर मात्र डॉक्टर. "आणि काय सांगू वहिनी," नणंद म्हणाली, "तिसऱ्या आठवड्यात गपकन खाल्लं त्यानं. आम्ही फक्त त्रास देणं थांबवलं होतं."

अमेरिकेतला डॉक्टर आणि कारंज्याचा पोरगा, दोघांचं म्हणणं एकच निघालं की नाही?

आमच्या कवड्याला सर्पमित्रानं कापडी पिशवीत घेतलं. वनखात्याकडे रीतसर नोंद केली आणि दिवेलागणीला गोदामामागच्या दगडी कुंपणाशी सोडलं. धाकट्यानं विचारलं, "लांब सोहोळच्या अभयारण्यात का नाही नेत?" तर तो म्हणाला, ज्याला जिथलं बीळ आणि जिथला रस्ता माहीत, त्याला तिथंच जवळपास सोडावं. परक्या मुलखात त्याचा टिकाव लागत नाही. पिशवीचं तोंड उघडलं. क्षणभर तो तसाच पडून राहिला आणि मग दगडांच्या फटीत असा सरकला, की जणू कधी नव्हताच.

त्या रात्री आमचा धाकटा जेवला नाही. ताट समोर, आणि हा गप्प. माझ्या तोंडावर सगळं आलं होतं. "अरे दोन घास खा, सापासाठी उपाशी राहतोस का, तुला काही अक्कल..." आणि एकदम मला माझी सासू आठवली.

लग्न होऊन मी अमरावतीहून इथे आले, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला घास गिळत नव्हता. मोठं घर, अनोळखी माणसं, पंगतीत सगळ्यांच्या नजरा माझ्या पानावर. "सूनबाई, अजून एक पोळी घ्या. का, आमच्या हातचं आवडत नाही?" जितका आग्रह, तितका घसा आवळायचा. माहेरी सगळे म्हणायचे, ही खायला किती पुढे! एक दिवस दुपारी सासूबाईंनी सगळ्यांची जेवणं उरकली. माझं ताट वाढून स्वयंपाकघरात झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "मी जरा देवळात जाऊन येते. दार ओढून घे." बस्स, एवढंच. त्या गेल्या आणि मी चुलीपाशी एकटीच बसून चार पोळ्या खाल्ल्या. परत आल्यावर त्यांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मला त्या दिवशी काय दिलं, हे समजायला मला साप भेटावा लागला.

मी धाकट्याचं ताट झाकलं. म्हटलं, "मी गच्चीवरचे कपडे काढून आणते." पंधरा मिनिटं मुद्दाम वर थांबले. खाली आले तेव्हा ताट मोरीत होतं, घासलेलंसुद्धा! आणि चिरंजीव वहीत पट्ट्यांचं चित्र काढत बसले होते, एकीकडे कवड्या, एकीकडे मण्यार.

मैत्रिणींनो, पावसाळा आहे. बिळांत पाणी शिरतं, साप कोरडी जागा शोधत येतात. तेव्हा घरातली ही कामं या आठवड्यातच करून टाका:

मोरीच्या आणि न्हाणीच्या भोकाला बारीक जाळी बसवा. दाराखालची फट पट्टी लावून बुजवा.

सरपण, विटा, जुन्या कौलांचा ढीग भिंतीला लागून ठेवू नका. काढताना आधी काठीनं वाजवा, मग हात घाला.

धान्य घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा. सांडलं-लवंडलं रोज झाडा. उंदीर आणि पाली जिथे, साप तिथे.

मुलांना शक्यतो खाटेवर झोपवा. जमिनीवर झोपायचंच तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मच्छर आणि मण्यार दोघांनाही ती अडवते.

रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल हवीच. बूट घालण्यापूर्वी झटकून घ्या.

साप दिसला तर मारू नका, धरू नका. १९२६ ला फोन करा. सर्पमित्र आला तर त्याचं ओळखपत्र आधी बघा.

आणि नागपंचमीला आपली जुनी रीतच बरी. पाटावर गंधानं नाग काढावा, लाह्या-फुटाणे वाहावेत, पुरणाची दिंडं उकडावीत. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, शेतात नांगर धरायचा नाही. या रीतीतही बिळातल्या जिवाला त्रास देऊ नये, हेच आहे. दूध घरातल्या लेकरांना द्या. आणि लेकरू नाहीच म्हणालं, तर ताट झाकून ठेवा आणि जरा गच्चीवर जाऊन या.

पोह्यांची बरणी मात्र मी परत स्वयंपाकघरात घेतलेली नाही. शेजारच्या काकू म्हणतात, गरम पाण्यानं धुतली की झालं. बघू!